जागी बोटं

कोसमटोला, ता. सिरोंचा, जि. चांदा
३ नोव्हेंबर १९५७

अन्नपूर्णे,

सुरुवातीला आशीर्वाद लिहिणार होतो, पण माझे आशीर्वाद तुला नको आहेत हे चार वेळा कळलं. चारही पत्रं गोंदियाहून परत आली. प्रत्येकावर तुझ्या हातचं 'घ्यायचे नाही'. अक्षर छान आहे तुझं, घोटून घेतलं होतं ना मी! हे पाचवं लिहितो आहे, कारण मी हट्टी आहे. हा हट्ट तुझ्यात कुठून आला ते आता जावईबापूंनाही कळलं असेल.

मी बरा आहे. लाकूड डेपोतली मुनशीगिरी सोडली. सागाच्या ओंडक्यांवर छाप मारून घेण्यात एकवीस वर्षं गेली, आता पुरे म्हटलं. गावाबाहेर नाल्याकाठी झोपडी घेतली आहे. हवा चांगली आहे. अक्षर वाकडं दिसेल, टाक खराब आहे.

चेलो शाबूत आहे. चार तारांपैकी दोन उरल्या. गजाला लावायची राळ संपली म्हणून सालईचा डिंक घासतो. तो जास्त झाला की गज तारेला चिकटून बसतो आणि मग नुसतं खरखरतं. तू असतीस तर नाक मुरडलं असतंस.

निघालीस त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "बाबा, तुमच्या पट्टीनं माझी करंगळी कायमची वाकडी केली. आणखी काही वाकडं व्हायच्या आत मी जाते." पाच वर्षं झाली. तुझं खरंच होतं, असं तेव्हा मलाही वाटत होतं.

त्या करंगळीबद्दलच तुला काही सांगायचं आहे. ते तुला कळलंच पाहिजे, आणि लवकर कळलं पाहिजे. मागच्या चार पत्रांत तेच होतं, पण मी इतकं आडवळणानं लिहिलं होतं की उघडली असतीस तरी कळलं नसतं. आजही धीर होत नाही. तूर्त एवढंच सांग, ती अजून तेवढीच वाकडी आहे, की जास्त वाकली?

तुला मुलगी झाल्याचं तुझ्या शेजारच्या इंदुताईंनी कळवलं. म्हणजे आता ती तीन वर्षांची. नाव काय ठेवलं?

तुझा बाप


२२ नोव्हेंबर १९५७

अन्नपूर्णे,

पाचवंही परत आलं. इथला पोस्टमन, झाडू त्याचं नाव, ते कुंपणाजवळच्या दगडावर ठेवून गेला. हल्ली तो आत येत नाही.

हे पत्रही तू उघडणार नाहीस, हे आता नक्की. म्हणून यात खरं लिहितो. जो वाचणारच नाही, त्याच्याशी खोटं बोलून काय मिळणार?

मला महारोग झाला आहे.

लिहिलं एकदाचं. टाक चांगला आहे. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून टाक अंगठ्याशी चिंधीनं बांधून लिहितो. नोकरी मी सोडली हेही अर्धंच खरं. डेपोत माझा गडू वेगळा ठेवला, मग माझी बसायची फळी बाहेर आली, मग मीच म्हटलं की निघतो. त्यांचा राग येत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

गेल्या वर्षी एकदा विडी ओढत ओंडक्यावर बसलो होतो. मांस जळाल्याचा वास आला. कुठं काय जळतंय म्हणून मी इकडेतिकडे पाहत राहिलो. माझंच बोट जळत होतं. मला पत्ता नव्हता.

दर महिन्याला चांद्याहून डॉक्टर जीपनं येतात. त्यांनी माझे डोळे मिटायला लावले आणि कापसाचं टोक एकेका बोटाला लावलं. लागलं की त्या जागी बोट ठेवायचं. मी वाट पाहत होतो कधी सुरू करतात याची, तर त्यांचं सगळं करून झालं होतं. मग त्यांनी कोपराच्या आतली नस चाचपली. दोरीसारखी जाड झालेली. आधी करंगळी जाते म्हणाले, कळेनाशी होते आणि मग वाकते. माझ्या मागे रांगेत एक तरुण मुलगी होती, तिचा हात त्यांनी मला दाखवला. अन्नू, ती तुझी करंगळी होती. तसाच बाक, तसंच आत वळलेलं टोक.

आता अठ्ठेचाळीसचा पावसाळा आठव. तू तेरा-चौदाची. माझ्या तरुणपणी नागपूरला मुक्या सिनेमाच्या पडद्याखाली आम्ही सहा जण वाजवायचो, तेव्हा गोव्याच्या फर्नांडिस मास्तरांनी मला पट्टी मारून चेलो शिकवला. मी तुला तसाच शिकवला. दुखल्याशिवाय सूर येत नाही, हे आमचं ब्रह्मवाक्य. तुझी करंगळी तारेवर ठरत नव्हती. घसरायची. मी पट्टीची कड मारली. एरवी पहिल्या फटक्याला तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशी तू माझ्याकडे नुसती पाहत राहिलीस. मी आणखी मारली, पाच वेळा. तू हूं की चूं केलं नाहीस.

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, पोरगी तयार झाली. वादक झाली. मी पट्टी खाली ठेवली आणि तुझ्या पाठीवरून हात फिरवला. तुला आठवतं की नाही कोण जाणे. मला आठवतं, कारण त्याआधी कधी फिरवल्याचं आठवत नाही. तुझी आई असती तर तिनं तुझा हात हातात घेऊन पाहिला असता. पण ती तू नऊ वर्षांची असतानाच गेली.

तुझ्या दंडावर फिकट चट्टा होता. मी म्हणालो शिबं आहे, तेल लाव.

तुझी करंगळी माझ्या पट्टीनं वाकडी झालेली नाही. हे मी स्वतःची सुटका करून घ्यायला लिहीत नाही. पट्टीनं झाली असती तर फार बरं झालं असतं. मोडलेलं बोट तेवढ्यावर थांबतं, हे थांबत नाही. आणि डॉक्टर म्हणाले, लहान मुलाला हा रोग बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच जातो. आपल्या घरात मोठं माणूस मी एकटाच होतो.

आता गोळ्या आहेत. लवकर घेतल्या तर हात वाचतो, आपल्याकडून दुसऱ्याला रोग जायचाही थांबतो. तुझा हात आणि पोरीचा हात एकदा कोणीतरी पाहिला पाहिजे. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते तुझ्यापर्यंत पोचवायला मला वाट सापडत नाही. इंदुताईंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. तिथल्या डॉक्टरांना लिहावं, तर ते आधी जावईबापूंना बोलावतील. तुझ्या सासरी हा शब्द कानावर गेला तर तुला त्याच दिवशी बाहेर काढतील, आणि पोर तिकडेच राहील.

तुझा बाप


१५ डिसेंबर १९५७

अन्नपूर्णे,

सहावं पत्र परत आलं. मग मी स्वतःच निघालो होतो. हात उपरण्यात गुंडाळले, कानटोपी घातली आणि लाकडाच्या ट्रकमध्ये मागे बसून बल्लारशापर्यंत पोचलो. गाडीत जागाही मिळाली. एका बाईनं मला फुटाणे देऊ केले, आणि मी मूर्ख, हात पुढे केला. पुढच्या स्टेशनात मला उतरवलं. कोणी मारलं नाही. फक्त माझ्या बसायच्या जागेवर पाणी ओतलं. तीन दिवस चालत आणि बैलगाडीच्या मागे लटकत परत आलो. असा मी तुझ्या दारात उभा राहिलो असतो तर काय झालं असतं, हे तेव्हा डोक्यात आलं. बरं झालं उतरवलं.

इथं शेजारच्या झोपडीत सुकरी नावाची माडिया बाई राहते. चाळिशीची असेल. तिचाही हाच रोग, माझ्याहून जुना. डाव्या हाताची बोटं अर्धी गेलेली. तिचा भाऊ वारलू महिन्यातून एकदा कुटकीचे दाणे आणि मोहफुलं कुंपणाशी ठेवून जातो. बाई अखंड बडबड करते आणि माझ्यावर हसते. एक दिवस मी चेलो पुसत होतो, तर ती दारात येऊन उभी राहिली.

"मुनशीजी, हे जाडी बाई कोन? तुमची बायको का?"

मी म्हटलं, हा चेलो आहे. शिकायचा असेल तर पहिला महिना नुसतं ताठ बसायला शिकावं लागतं.

"महिनाभर बसाचं? बसाले तं मले रोगानंच शिकवलं न, बाप्पा! दुसरं काई सांगा."

आणि ती सरळ आत आली, वेताच्या मोड्यावर बसली आणि चेलोला मिठी मारली. मान खांद्यावर, पोट पोटाशी. मी ओरडलो, असा नाही धरायचा. तिनं ऐकलं नाही. तुटक्या हातानंच जाडी तार ओढली आणि गाल लाकडाला लावून डोळे मिटले.

"मुनशीजी, हे पोटात बोलून राह्यली! बोटं झोपले तं झोपू द्या. छाती जागी हाये न माही."

मी तीस वर्षं हे वाद्य वाजवलं. ते छातीत वाजतं हे मला ठाऊक नव्हतं. मी कायम बोटांकडे पाहत होतो.

आता ती रोज सकाळी येते. मी पट्टीबिट्टी काही काढत नाही, काढून उपयोग काय? तिला दुखतच नाही. माझं सगळं शास्त्र त्या दुखण्यावर उभं होतं, अन्नू. ते गेल्यावर शिकवायचं कसं, हे मला त्या बाईकडून शिकावं लागलं.

बोटं नाहीत म्हणून ती डाव्या मनगटाला बांबूची पोंगळी बांधते आणि तारेवरून घसरवते. गज उजव्या हाताला चिंधीनं बांधतो. ती आधी गुणगुणते, मग तोच आवाज तारेत शोधते. सापडला नाही तर हसते आणि दुसरा शोधते. सरगम नाही, धडे नाहीत. बिनतेलाच्या गाडीचा कणा, वासरू हरवलेली म्हैस, दारू प्यालेला तिचा नवरा. नवऱ्याची नक्कल इतकी हुबेहूब करते की मला हसून ठसका लागतो. तुला शिकवताना मी कधी हसलो होतो का? मला तरी आठवत नाही.

तुझा बाप


१२ जानेवारी १९५८

अन्नपूर्णे,

सातवंही परत आलं. हे पत्र टाकणार नाही. टाकून फक्त झाडूच्या पायाला त्रास. तरी लिहितो, कारण काल एक वाट सुचली.

डॉक्टरांची ती कापसाची परीक्षा सुकरीनं खेळ करून टाकली आहे. वाजवायला बसण्याआधी ती डोळे मिटते आणि मला म्हणते, "लावा." मी कापूस लावतो, ती सांगते. मग तिची पाळी. "आज तुमचं कोनतं जागी हाये पाहू." जे बोट कळलं त्याला त्या दिवशी वाजवायचं काम. जे कळलं नाही त्याला सुट्टी. परवा माझा डावा अंगठा तिला दोनदा फसवून गेला, तर तिनं त्याला लबाड म्हणून जाहीर केलं.

काल झाडू कुंपणापलीकडे उभा राहून पाटलाचं कार्ड मोठ्यानं वाचत होता. तो सगळ्यांची कार्डं वाचतो. मी म्हटलं, अरे दुसऱ्याचं कार्ड वाचतोस? तर म्हणतो, "मुनशीजी, कार्ड म्हनजे बिनझाकनाचा गडू. कोनी बी पाहाते."

आणि मला सुचलं. पाकीट तू न उघडता परत करतेस. कार्ड न वाचता कसं परत करशील? हातात घेतलं की नजर पडणारच. पण तुझा नवरा वाचेल, सासू वाचून घेईल, पोस्टमन वाचेल. कार्डावर तो शब्द लिहिला तर मीच तुझं घर मोडलं असं होईल. आणि नाही लिहिला तर तुझा हात जाईल.

पण खेळ लिहिला तर? म्हातारा चळला, पोरीला पत्रानं बाजा शिकवतो, म्हणून हसतील. हसू देत. एकदम खेळच लिहिला तर कोणाला शंका येईल, म्हणून आधी दोन धडे साधे पाठवतो. सुकरीला विचारून लिहितो आहे. ती म्हणते, "लेकीले भेव दाखवू नोका. खेळाचं सांगा, खेळाचं."

तुझा बाप


कार्ड, २० जानेवारी १९५८

चि. सौ. अन्नपूर्णा हिस. चेलोवादन, धडा पहिला. चेलो नसला तरी चालतो. पाटावर बसून रिकामी घागर मिठीत धरावी. तोंड मिटून गुणगुणावं. घागर कुठे थरथरते ते छातीनं ओळखावं. सूर चुकला तर हसावं. परीक्षा नाही. – बाबा


कार्ड, ३ फेब्रुवारी १९५८

धडा दुसरा. लाटणं उभं धरून त्यावर उलथनं गजासारखं ओढावं. खांदा सैल, मनगट सैल, चेहरा सैल. गाडीचा कणा, म्हैस, घोरणारा माणूस यांचे आवाज तोंडानं काढत ओढावं. मुलीला शेजारी बसवावं, मुलांना हे आपल्यापेक्षा बरं जमतं. पट्टी चुलीत घातली आहे. – बाबा


कार्ड, १७ फेब्रुवारी १९५८

धडा तिसरा, जागी बोटं. हा सगळ्यांत महत्त्वाचा. तू मुलीशी आणि मुलीनं तुझ्याशी खेळावा. एकानं डोळे मिटावेत. दुसऱ्यानं कापसाचं टोक हाताच्या एकेका बोटाला हलकेच लावावं, मग दंडाला, मग पायांना. लागलं की त्या जागी बोट ठेवून दाखवावं. चोरून पाहू नये. जे बोट चुकेल, ते मास्तरनं मारल्यामुळे चुकत नाही. त्या बोटाचा मास्तर वेगळा आहे, आणि त्याच्याकडे वेळेवर गेलं तर बोट वाचतं. कोणाचं कोणतं बोट चुकलं एवढंच कळवावं. चेलोच्या रीतीनं तर्जनी पहिलं, करंगळी चौथं. – बाबा


९ मार्च १९५८

अन्नपूर्णे,

हेही पत्र टाकणार नाही. कार्डं परत आली नाहीत. उत्तरही नाही. इंदुताईंचं पत्र आलं, की गोंदियात तुझ्या सासरी माझ्या धड्यांवरून हसतात आणि जावईबापू लाटणं घेऊन माझी नक्कल करतात. करू देत. तू हसतेस की नाही, ते त्यांनी लिहिलं नाही.

सुकरी गेली.

गेल्या महिन्यात तिनं चुलीवरचं मडकं उतरवलं. फडकं सरकलं होतं. ते मडकं हातात घेऊन ती माझ्या दारापर्यंत आली, मला आंबील द्यायला. बोलत होती, काहीतरी सांगून हसत होती. मीच पाहिलं की तिच्या हातातून धूर येतो आहे. मी किंचाळलो. तिनं हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "अजी, हे केवा झालं?"

जखम चिघळली. मी रोज धुवायचो, चिंधी बदलायचो. माझ्या बोटांना तिच्या हाताचा ताप कळत नव्हता, म्हणून मी गाल लावून पाहायचो. डॉक्टरांना यायला अजून बारा दिवस होते. वारलूला निरोप धाडला, बैलगाडी आण म्हणून. तो गाडी घेऊन आला त्या सकाळी ती गेली होती.

तिच्या गावात माणूस गेलं की ढोल वाजतो. ढोल नसला तर जीवाला वाट सापडत नाही, असं ती सांगायची. तिच्यासाठी ढोल घेऊन कोणी आलं नाही. वारलू एकटाच लांब उभा होता. मी चेलो बाहेर काढला आणि पोंगळी बांधून तिनं शोधलेला गाडीच्या कण्याचा आवाज वाजवला. तोच येत होता मला. मध्येच हुंदका आला आणि गज थांबला, तेव्हा वारलू ओरडला, "थांबू नोका मुनशीजी! ऐकून राह्यली थे!" मग त्यानं गाडीच्या साटीवर हातानं ठेका धरला. आम्ही दोघं ऊन चढेपर्यंत वाजवत राहिलो. नंतर खड्डा त्यानं खणला, दगड मी ठेवला.

तुला हे यासाठी लिहितो की तूही चुलीशी बसतेस. तुझ्याही हातात मडकं असतं. रोज सकाळी उठलो की मला तेच दिसतं. मला फार भीती वाटते, अन्नू. माझ्या मरणाची नाही वाटत.

तुझा बाप


२ एप्रिल १९५८

अन्नपूर्णे,

हे पाकीट तू उघडशील.

तुझं कार्ड परवा आलं. झाडूनं सवयीप्रमाणे कुंपणापलीकडून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर येऊन थांबला. मग तो आत आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. कार्ड माझ्या हातात दिलं आणि गेला. इथं ते जसंच्या तसं उतरवून ठेवतो, कारण मूळ कार्ड मी कोणालाच देणार नाही, तुलाही नाही.

"ती. बाबांस सा. न. तिसरा धडा केला. शकूची दहाही बोटं बरोबर आली, पायांचीही आली. माझं डाव्या हाताचं चौथं चुकलं. तिसरंही अर्धं चुकलं. तीन दिवस करून पाहिलं. तुम्ही पट्टी मारत होता आणि मी रडले नव्हते, तो दिवस मला आठवतो. त्या दिवशी मला काही कळलंच नव्हतं. तुम्ही पाठीवरून हात फिरवलात, म्हणून सांगितलं नाही. मग कधीच सांगितलं नाही. वेगळे मास्तर कुठे बसतात ते कळवा. टपाल इथे दुपारी येतं, तेव्हा घरात मी आणि शकूच असतो. – अन्नू"

मी ते कार्ड किती वेळा वाचलं ते सांगत नाही. एका शाबासकीसाठी तू दहा वर्षं ते बोट लपवलंस. शाबासकी रोज मिळणाऱ्या घरात कोणतंही पोर असं करत नाही. पट्टीपेक्षा जास्त मी तुला तिथंच मारलं, आणि त्याला कोणत्याही डॉक्टरकडे औषध नाही. मला माफ कर असं लिहिणार होतो. तूर्त नको करूस. आधी हात दाखव.

वेगळ्या चिठ्ठीवर नागपूरच्या डॉक्टरांचं नाव आणि पत्ता आहे. चांद्याच्या डॉक्टरांनी मागच्या फेरीतच त्यांना तुझं नाव न घालता लिहून ठेवलं आहे. ते गुरुवारी सकाळी बसतात. घरी सांग की बाबांनी चेलोच्या तारा आणायला नागपूरला पाठवलं आहे. म्हातारा चळला आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. शकूला घेऊन जा. तिची बोटं जागी आहेत हे वाचून मी दारात बसून मोठ्यानं रडलो. तरी तिलाही दाखव. आणि गोळ्या सुरू झाल्या की मध्येच सोडू नकोस, बरं वाटलं तरी.

परत आलेली सगळी पत्रं यात ठेवली आहेत, दोन न टाकलेलीही आहेत. सुरुवातीची चार सोडून दे, त्यांत काही नाही. बाकीची वाच किंवा नको वाचूस, आणि मग जाळ. कागद मी दोन दिवस उन्हात वाळवला आहे, हात लावायला भिऊ नकोस.

उद्या झाडूबरोबर कार्डही टाकतो, सगळ्यांना वाचायला. त्यावर चौथा धडा आहे. तुझ्यासाठी इथंही लिहितो.

चौथं आणि तिसरं बोट चुलीजवळ नेऊ नये. मडकं फडक्यानं धरावं आणि डोळ्यांनी पाहून धरावं. रोज आंघोळीनंतर दोन्ही बोटांना तेल लावावं, उजेडात उलटसुलट करून पाहावं, आणि दुसऱ्या हातानं हळू सरळ करावं. घाई करू नये. घागर मिठीत घेऊन गुणगुणणं सोडू नये. आणि ज्या दिवशी त्या बोटाला दुखेल, त्या दिवशी मला लगेच कळवावं.

बाबा